मेणातलं काम मेणातच

कोल्हापुरात आम्ही मूर्तिकला शिकलो तेव्हा शिल्पकाराचं काम शाडूपाशी संपायचं. पुतळा शाडूत उभा करायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि साचा ओतकाम करणाऱ्यांच्या हवाली करायचा. पुढचं सगळं त्यांचं. तामिळनाडूत स्वामिमलैला हे असे दोन वेगळे उद्योग नाहीत. मेण वळणारा, माती लिंपणारा, भट्टीशी उभा राहणारा आणि छिन्नी चालवणारा, सगळे एकाच छपराखाली बसतात, आणि या चारही ठिकाणचं ज्याला कळतं त्यालाच स्थपती म्हणतात. मी तिथल्या एका कार्यशाळेत शिकायला गेले आणि पुढं मेणकामालाच राहिले. ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांना सगळे अय्या म्हणतात. मीही अय्याच म्हणते.

स्वामिमलै हे कुंभकोणमजवळचं, कावेरीच्या काठचं गाव. मुरुगनच्या सहा मोठ्या क्षेत्रांपैकी ते एक, त्यामुळं यात्रेकरूंची ये-जा कायम असते. तंजावर आणि दारासुरमच्या देवळांच्या कामावर आपले पूर्वज आले आणि इथला पोयटा बघून इथंच राहिले, असं तिथली स्थपतींची घराणी सांगतात. देऊळ, नदी आणि माती या तिन्हींमधलं ते मातीला जास्त मान देतात. त्याचं कारण मला ओतकाम बघितल्यावर कळलं.

पण आधी मेण. मधमाशांचं मेण, राळेची पूड आणि शेंगदाण्याचं तेल मंद आचेवर एकजीव करायचं आणि कापडातून पाण्यात गाळायचं. राळेनं मेणाला ताठपणा येतो, तेलानं ते वळतं. प्रमाण कुठं लिहून ठेवलेलं नाही, कारण ते हवेबरोबर बदलतं. वैशाखात राळ वाढवावी लागते, मार्गशीर्षात तेल. अय्या मेणाची गोळी दोन बोटांत दाबून, तिच्या कडेला चीर पडते का ते पाहतात आणि कढईत आणखी काय घालायचं ते सांगतात. धड, मस्तक, हात, पाय, आयुधं वेगवेगळी वळायची आणि थंड पाण्याच्या पातेल्यात सोडून ठेवायची. जोडताना लोखंडी कोरणी निखाऱ्यावर तापवून सांध्यात फिरवायची. मेण कोरणीला किती पटकन वाट देतं हे हाताला कळायला लागलं, की मग डोळ्यांना फारसं काम उरत नाही.

मापाला फूटपट्टी नाही. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या झावळीची पात कापायची आणि तिला घड्या घालून भाग पाडायचे. शिव आणि विष्णू उत्तम दशतालात, म्हणजे मूर्तीच्या उंचीचे 124 भाग, एकेक भाग म्हणजे एक अंगुळ. देवी मध्यम दशतालात, 120 अंगुळांच्या. हे अंगुळ आपल्या बोटाचं नव्हे, त्या मूर्तीचं. त्यामुळं मूर्ती वीतभर असो की पुरुषभर उंच, कपाळ, नाक, हनुवटी, नाभी, गुडघा यांचं एकमेकांशी असलेलं नातं तेच राहतं. दर मूर्तीला नवी पात कापतात. काम संपेपर्यंत ती मेणाच्या पातेल्याशेजारी भिंतीला टांगलेली असते. कला महाविद्यालयात आम्ही मानवी शरीराची मापं पाठ केली होती, ती इथं विसरावी लागली नाहीत. पण ती या पातीपुढं दुय्यम झाली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. देवाच्या मूर्तीला माणसाचे स्नायू दाखवायचे नसतात. खांद्यापासून मनगटापर्यंत एकच भरीव, वाहती रेघ हवी असते, आणि ती पातीच्या घड्यांमधूनच सापडते.

सांगलीच्या एका कुटुंबानं आमच्याकडं विठ्ठल सांगितला, ते काम अय्यांनी माझ्याकडं दिलं. तमिळ मुलखाला विठ्ठल परका नाही. तंजावरला भोसल्यांचं राज्य आल्यावर मराठी कीर्तन तिथं रुजलं, तिथल्या भजनपरंपरेत आजही अभंग म्हणतात, आणि कुंभकोणमपासून जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ उभं आहे. आमच्याकडं माती लिंपणारे अण्णा त्या देवळात नेमानं जातात. अडचण ओळखीची नव्हतीच, रूपाची होती. गिऱ्हाइकानं पाठवलेले सगळे फोटो पोशाखातले. पितांबर, शेला, हार, तुळशी, आणि त्यातून दिसणारा चेहरा. आत अंगकाठी कशी आहे, खांदे किती रुंद, कमर किती बारीक, हे कशातच दिसत नव्हतं. अय्यांनी विचारलं, ‘‘अम्मा, तुमच्याकडं म्हातारी माणसं त्याला कसा आठवतात?’’ मी सांगितलं: उंच टोपीसारखा मुकुट, कानांत मासोळीच्या आकाराची कुंडलं, गळ्यात मणी, कमरेवर हात, पायांखाली वीट. ‘‘मग एवढंच करा,’’ ते म्हणाले, ‘‘आणि उरलेली जागा मोकळी ठेवा.’’

नटराज अवघड आणि विठ्ठल सोपा असं बघणाऱ्याला वाटतं. मेण हातात घेतलं की ते उलटं होतं. नटराजाच्या अंगात वळण आहे, उचललेला पाय आहे, उडालेल्या जटा आहेत. तोल कुठं केसभर कमीजास्त झाला तरी ती सगळी गती त्याला सामावून घेते. विठ्ठल दोन्ही पायांवर सारखा, सरळ उभा. डावा खांदा जवभर खाली गेला तरी तो थकलेला दिसतो. त्यात भर दुपारी मेणाचे घोटे वरच्या भारानं हळूहळू दबतात, म्हणून त्याला दिवसभर पाण्यात आडवा ठेवायचा आणि पहाटे, हवेत गारवा असताना, विटेवर उभा करून तोल बघायचा. कमरेवरच्या हातांमुळं कोपर आणि कमर यांच्यामध्ये दोन बंद त्रिकोण तयार होतात. मातीच्या वेळी हे त्रिकोण दोन्ही बाजूंनी भरून आत एकमेकांशी मिळावे लागतात. तिथं भेग राहिली तर वितळलेला धातू शिरून पातळ पडदा तयार होतो. कोपराच्या टोकाशी हवा अडकते, म्हणून तिथं मेणाच्या बारीक काड्या जोडून हवेला बाहेर जायची वाट करून ठेवायची. चेहरा मी सगळ्यात शेवटी केला. डोळ्यांच्या पापण्या आणि ओठांची कड कोरायला तापलेली कोरणी लागली नाही, बांबूची टोकदार काडी पुरली.

मेण तयार झालं की त्याचं वजन करतात. मेण पाण्यापेक्षा हलकं आणि कांस्य पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, म्हणून मेणाच्या आठ ते दहापट धातू तयार ठेवायचा असा तिथला हिशेब. हाच हिशेब एका जुन्या संस्कृत ग्रंथातही आहे, आणि त्याचं आपल्या मुलखाशी नातं आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मेणाची मूर्ती करून धातू ओतण्याची रीत दिली आहे: तांब्या-पितळेसाठी मेणाच्या आठपट धातू, चांदीसाठी बारापट, सोन्यासाठी सोळापट. माती कशी करावी तेही दिलं आहे. जाळलेलं तूस, बारीक केलेला कापूस आणि थोडं मीठ दगडावर वाटून मातीत मिसळावं, पहिला थर अगदी पातळ द्यावा, सावलीत वाळवावा, मग दुसरा, मग जाड तिसरा. अण्णांनी हा ग्रंथ पाहिलेला नाही. पण मी तो उतारा अर्थासकट वाचून दाखवला तेव्हा त्यांनी फक्त कापसाबद्दल विचारलं. बाकीचं ते रोजच करतात. आपल्याकडची ही विद्या तर त्याहून कितीतरी जुनी आहे. प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 मध्ये सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे भरीव ओतकामाचे आहेत, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे.

पहिल्या थराचा पोयटा कावेरीचा. पूर ओसरल्यावर नदीच्या वळणावर बसतो तो, अंगाला लावायच्या उटण्याइतका मऊ. त्यात जाळलेल्या तुसाची वस्त्रगाळ पूड घालून तो सरबरीत करतात आणि मेणावर हलक्या हातानं फिरवतात. मेणावर नखाची रेघ असेल तर ती या थरानं उचलली पाहिजे. पुढं तीच धातूत येणार असते. तुसाच्या राखेमुळं माती वाळताना तडकत नाही आणि तापल्यावर तिच्यातून वायू बाहेर पडायला सूक्ष्म वाटा राहतात. मग शेतातली चिकणमाती आणि वाळू, वरून भरड वाळूचा जाड थर, आणि त्यावर तारा आवळायच्या. मोठी मूर्ती असेल तर लोखंडी गजही. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, आणि वाळवायचा तो सावलीतच. उन्हात मेण फुगतं आणि पहिला थर आतून सुटतो.

पावसाची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या लोकांना ती ठाऊक नसते. कावेरीकाठचा मोठा पाऊस आषाढ-श्रावणात पडत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. ऐन दिवाळीत आमच्याकडं माती वाळत नाही. पुण्या-मुंबईहून कार्तिकात फोन येतात की मार्गशीर्षात वास्तुशांत आहे, तेवढ्यात मूर्ती द्या. घाई केली तर साच्यात ओल राहते, आणि ओल्या साच्यात वितळलेलं तांबं गेलं तर वाफ होऊन साचा फुटतो. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर काय येतं ते मी पाहिलेलं आहे. त्याच्या हाताचे डाग अजून आहेत. त्यामुळं मी अशा फोनवर स्पष्ट नाही म्हणते आणि अय्यांनाही म्हणायला लावते.

विठ्ठलाचं ओतकाम माघात झालं. पहाटे खड्ड्यात गोवऱ्या रचून साचा तोंड खाली करून तापायला ठेवला. आधी मेण थेंबाथेंबानं आणि मग धारेनं बाहेर आलं. मेण संपलं तरी आच चालूच ठेवायची, साच्याच्या तोंडातून आत लालबुंद दिसेपर्यंत. गार साच्यात धातू बोटांच्या टोकापर्यंत पोचायच्या आत थिजतो. दुसऱ्या भट्टीवर मुशीत तांबं. ते 1085 अंशांना वितळतं. ते पातळ झालं की पितळ आणि थोडं शिसं. पितळ पडताच त्यातलं जस्त जळून दाट पांढरा धूर उठतो. अण्णा त्या धुराकडं बघून भाता कमी-जास्त करायला सांगतात. सांगलीच्या घरातल्या आजींनी आपल्या जुन्या मंगळसूत्रातला सोन्याचा एक मणी पाठवला होता. अय्यांनी कुटुंबाचं नाव घेऊन तो मुशीत सोडला. पंचधातूतलं सोनं आणि चांदी बहुतेक वेळा अशीच, नावापुरती पण मनापासून दिलेली असते. मूर्तीचा खरा देह तांब्याचाच.

मग साचा बाहेर काढून, तोंड वर करून वाळूच्या खड्ड्यात पुरला आणि सांडसांनी मूस उचलली. धार करंगळीएवढी, आणि ती मध्ये तुटायची नाही. तुटली तर आधीचा धातू थिजून मूर्तीच्या अंगावर सांध्याची आडवी रेघ उमटते, ती पुढं कशानंही जात नाही. हवेच्या वाटांमधून धातू वर चमकला तेव्हा अण्णांनी हात वर केला. साचा गार झाल्यावर फोडला. कोपराच्या एका त्रिकोणात पातळ पडदा आला होता, तो छिन्नीनं निघाला. चेहऱ्यावर बांबूच्या काडीची प्रत्येक रेघ आली होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे तिथं येते. आज स्वामिमलैत बऱ्याच मूर्तींवरचं बारीक काम ओतल्यानंतर होतं. मेणात ढोबळ आकार, आणि दागिने, वस्त्राच्या चुण्या, केसांच्या बटा, नाक-डोळेसुद्धा धातूत छिन्नीनं कोरायचे. छिन्नी चालवणाऱ्यांचा हात विलक्षण आहे. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे आणि या लिखाणात त्यांचा काडीचाही दोष नाही. पण छिन्नीची रेघ आणि मेणातली रेघ एक नव्हे. छिन्नी धातू कापते, त्या रेघेचे काठ धारदार असतात आणि तळ कोनासारखा. मेणातली रेघ दाबून झालेली असते, तिचे काठ किंचित वर उचललेले आणि गोल. उजेड तिच्यावर तुटत नाही, उतरतो. पाषाणातल्या आणि कांस्यातल्या मूर्तीत फरक असायला हवा तो नेमका इथं. धातूवर दगडासारखं कोरकाम करायचं असेल तर एवढा मेणाचा खटाटोप कशाला करायचा?

हे मला पहिल्यांदा नीट दिसलं ते तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात. ज्या वाड्यात व्यंकोजीराजांचे वंशज राहिले, त्याच वाड्यात चोळांच्या मूर्ती ठेवल्या आहेत. तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव तिथं आहे, 1011 मधला. शेजारी पार्वती, पुढच्या वर्षीची. नंदी आता नाही, पण शिवाचा हात अजून त्याच्या पाठीवर टेकलेला आहे, आणि सगळ्या अंगाचा भार त्या हवेतल्या हाताकडं झुकलेला आहे. मी त्या मूर्तीभोवती फिरत राहिले. जटांचा फेटा, त्यात गुंडाळलेले साप, कमरेच्या वस्त्राची कड, मागच्या बाजूची गाठ, जिथं भक्ताची नजर कधी पोचली नसती तिथंही रेघेचे काठ गोल आहेत. छिन्नी तिथं लागली असेल तर अगदी थोडी. ही मूर्ती शतकानुशतकं जमिनीत पुरलेली होती, म्हणून ती इतकी शाबूत राहिली. देवळात राहिलेल्या मूर्तींचे चेहरे अभिषेकानं आणि चिंचेनं घासून घासून झिजले आहेत, आणि तरीही खांद्याची, पाठीची रेघ तशीच आहे. मेणात नीट झालेला आकार झिजतानाही आकारातच झिजतो.

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांच्या काळातला 1803 चा मराठी शिलालेख हौसेनं बघतो. बघावाच. पण त्याच देवळाच्या भिंतींवर राजराजाच्या काळातले तमिळ लेखही आहेत, आणि राजानं, त्याच्या बहिणीनं, राण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी दिलेल्या धातूच्या मूर्तींची पायापासून केसांपर्यंतची उंची त्यांत अंगुळांत कोरून ठेवली आहे. त्यांतल्या फार थोड्या आज उरल्या आहेत. मापं उरली आहेत.

छिन्नीकडं झुकाव का झाला, याचं उत्तर बाजारात आहे. मेणकाम स्थपतीच्या किंवा त्याच्या जवळच्या शिष्याच्या हातानं होतं, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेत दाखवण्यासारखं काही हाती येत नाही. छिन्नीकाम रोजंदारीवर होतं आणि त्यानं आलेली लखलख गिऱ्हाइकाला लगेच आवडते. त्यात रबराचा साचा आला. एका मूर्तीवरून रबराचा साचा घ्यायचा, त्यात मेण ओतायचं आणि हव्या तेवढ्या मेणाच्या प्रती काढायच्या. पुढं माती, भट्टी, ओतकाम सगळं तेच, त्यामुळं विकणारा हिला मेणाच्या रीतीची मूर्ती म्हणतो ते खोटं नसतं. पण प्रत्येक प्रतीबरोबर रेघ बोथट होत जाते आणि मग ती छिन्नीनं पुन्हा उघडावी लागते. लहान मूर्तींसाठी, कारागिराच्या घरखर्चासाठी हे होणारच, त्याला माझा विरोध नाही. गिऱ्हाइकाला ते सांगितलं पाहिजे आणि किंमत तशी लावली पाहिजे, एवढंच. हाताच्या मेणाची विद्या गेलेली नाही. 2023 मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमपुढं उभा राहिलेला 27 फुटी, सुमारे 18 टनांचा नटराज स्वामिमलैच्याच स्थपतींनी मेणाच्या रीतीनं केला. त्यानंतर आमच्याकडं चौकशा खूप वाढल्या. बहुतेकांनी उंची विचारली, किंमत विचारली. मेण कोण करणार हे फार थोड्यांनी.

म्हणून तुम्हांला विनंती आहे. मूर्ती सांगताना मेण हातानं वळलेलं असणार की रबराच्या साच्यातलं, हे आधी विचारा. मेण झालं की त्याचा फोटो मागवा, मागून आणि बाजूनंही, आणि काही बदल हवा असेल तर तेव्हाच सांगा. धातूत आल्यावर सांगितलेला बदल छिन्नीनंच करावा लागतो. आगाऊ रक्कम मेणाच्या वेळी द्या, म्हणजे त्या माणसाला त्याच्या कामाचे पैसे वेळेवर मिळतील. जुनाट दिसावी म्हणून मूर्तीवर हिरवा-काळा लेप मागू नका. गणपतीला मूर्ती हवी असेल तर माघात सांगा, आणि दिवाळीनंतरचा मुहूर्त असेल तर मूर्ती पाऊस लागायच्या आत, भाद्रपदातच ओतून व्हायला हवी हे लक्षात ठेवा. इकडं येणं झालं तर आधी तंजावरच्या दालनात वृषवाहनासमोर वेळ काढा आणि मग स्वामिमलैला या. मेणाचं काम आम्ही पहाटे लवकर सुरू करतो आणि ऊन चढलं की थांबवतो, तेव्हा सकाळीच या.